आण्णांनी पालथे वाचलेले सोळा दिवे

माझी धाकटी बहीण गेल्या उन्हाळ्यात पंधरा दिवस राहायला आली, तेव्हा तिनं आण्णांसाठी एक खोका आणला. आण्णा म्हणजे आमचे वडील. आई गेली त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून ते इथं सोलापुरात माझ्याकडंच असतात. धाकटी पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. दर रविवारी फोन करून "आण्णांना जप गं आक्का" असं म्हणायचं, हा तिचा सेवेतला वाटा. बाकीचा वाटा माझ्याकडं. माझा नवरा नोकरीसाठी कुर्डुवाडीत, फक्त रविवारी येतो. मी घरी शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवते. नव्या पेठेतल्या एका दुकानाचा माल असतो. मशीन दारापाशी, आण्णांची खाट खिडकीपाशी, आणि आमच्या दोघांच्या मध्ये दिवसभर पांढऱ्या कापडाचा ढीग.

खोका बघून माझ्या मनात पहिली म्हण आली ती घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पाणी एक दिवसाआड नाही, चार दिवसाआड येत होतं, जूनच्या आधी सहाशे शर्ट द्यायचे होते, आणि ही बाई खेळणं घेऊन आली. खोक्यावर दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी असं लिहिलेलं होतं. आण्णा अठ्ठ्याहत्तरचे.

आत तळहाताएवढी एक हिरवी पाटी होती, भोकं भोकं असलेली. एका पुडीत सतरा लाल दिवे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे, प्रत्येकाला तारेचे दोन पाय, एक लांब आणि एक आखूड. सोळा बसवायचे, एक जादा. शिवाय मुंगळ्यासारखे आठ पाय असलेली एक काळी चिप, एक बटण, दोन सेलची डबी, आणि हे सगळं पाटीला जोडायला सोल्डरची तार. डाख द्यायची गन तिनं वेगळी विकत आणली होती.

"हे जोडलं की काय हुतंय?" आण्णांनी विचारलं. मी चमकून मशीन थांबवलं. कारण आण्णा आपण होऊन काही विचारत नाहीत. चहा झाला का, कोण आलं, एवढंच.

धाकटीनं खाटेवर बसकण मारली आणि समजावून सांगायला लागली. चार ओळी, ओळीत चार दिवे. प्रत्येक दिवा आपल्या आजूबाजूचे दिवे मोजतो. पेटलेल्या दिव्याला दोन किंवा तीन पेटलेले शेजारी असले तर तो पेटलेला राहतो. त्यापेक्षा कमी असले तर एकटा पडून विझतो, जास्त झाले तर गर्दीनं विझतो. आणि विझलेल्या दिव्याला बरोबर तीन पेटलेले शेजारी मिळाले तर तो पेटतो. बटण दाबलं की काही दिवे कसेही लागतात, आणि तिथून पुढं सगळं आपोआप. दर खेपेला नवी नक्षी.

"नक्षी कोण काढतंय मग?"

"कोणीच नाही आण्णा. नियम काढतो."

आण्णांनी पाटी डोळ्यांजवळ धरली, भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो तर ग्राफ हाय की."

तिथं माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं.

आण्णा मूळचे मंगळवेढ्याकडचे. घरची मेंढरं आणि कोरडवाहू ज्वारी सोडून सतराव्या वर्षी सोलापुरात आले, चादरीच्या कारखान्यात झाडू मारायला लागले, आणि पुढं तिथल्याच तेलुगू मास्तरांच्या हाताखाली डिझाइन शिकले. चादरी आणि वॉलहँगिंगवरचे मोर, हत्ती, वेलबुट्टी हे सगळं आधी चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर, काढतात. एकेक चौकोन म्हणजे एकेक दोरा. मग तो कागद वाचून पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडतात, आणि ती कार्डं मागाच्या वरच्या जेकार्ड यंत्रावर चढली की माग आपोआप तीच नक्षी विणतो. वाचायला एक माणूस, भोकं पाडायला दुसरा. वाचणारा म्हणतो, "तीन घे, एक सोड, दोन घे." घे म्हणजे भोक, सोड म्हणजे कोरं. एक चुकलं तर मोराची मान तुटते. आण्णांनी चाळीस वर्षं वाचलं. त्यांच्या वाचण्यात मान तुटली नाही, असं कारखान्यातले लोक आमच्या घरी येऊन सांगायचे. पुढं कॉम्प्युटर आला आणि कागदही गेला अन् वाचणाराही गेला.

लहानपणी ते घरी कामाचे कागद आणायचे. पुढ्यात घेऊन बसायचे आणि वाचायला धाकटीला जवळ घ्यायचे. ती सात वर्षांची, मी बारा. ती घे-सोड म्हणायची आणि आण्णा पडताळून बघायचे. मी दारात उभी राहिले की म्हणायचे, "तू आईला बघ. भाकरीला तुझा हात बरा हाय, हिचं डोस्कं बरं हाय." आईला दम्याचा त्रास होता, कुणीतरी भाकरी थापायलाच हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण भाकरी थापता थापता मी आतून ऐकायची, आणि धाकटी कुठं चुकली ते तिच्या आधी मला कळायचं. तिला चुकल्यावरही शाबासकी मिळायची. माझी भाकरी फुगली तर ती खाल्ली जायची, बस.

हे सगळं मी विसरले होते असं मला वाटत होतं. चार वर्षं आण्णांचं करताना त्याचा राग कधी आला नव्हता. मी त्यांना पेपर वाचून दाखवला, देवळात नेलं, भाजी निवडायला दिली, एकदा रंगाची पेटीसुद्धा आणून दिली. ती पेटी त्यांनी खाटेखाली सरकवली. डॉक्टर म्हणाले होते, हात चालता ठेवा, थरथर कमी होईल. पण हात चालवायला माणसाला काही वाटावं लागतं. मी सगळं करून थकले, आणि ही पुण्याहून आली काय, एका खोक्यात त्यांना उठवून बसवलं काय. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी त्या आठवड्यात रोज अनुभवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम सुरू झालं. माझं कापायचं टेबल त्यांनी घेतलं. विचारलं वगैरे नाही. मी कापड जमिनीवर पसरून, गुडघ्यावर बसून शर्ट बेतायला लागले. धाकटीचं ऑफिस लॅपटॉपवर घरूनच चाले. आतल्या खोलीत तिच्या मीटिंगा व्हायच्या आणि मधल्या वेळेत ती बाहेर यायची. ती आली की आण्णा चष्मा पुसून तयार.

आधी टाकाऊ तारांवर डाख द्यायचा सराव. आण्णांचा हात कप उचलताना थरथरतो, बशीत चहा सांडतो, म्हणून मी त्यांना अर्धा कपच देते. तोच हात गन धरली की दगडासारखा स्थिर. तापलेलं टोक जोडाला लावायचं, मनात दोन मोजायचं, मग तार टेकवायची. थेंब पसरला की चमकतो. राळेचा वास घरभर. धाकटीचे थेंब गोळ्यासारखे बसत होते, आण्णांचे सपाट आणि सुबक. एकदा तिच्या बोटाला चटका बसला तर आण्णांनी तिचं बोट धरून फुंकर मारली.

माझ्या बोटातून वीस वर्षांत मशीनची सुई कितीदा गेली ते विचारू नका. एकदा तर नखातून. तेव्हा आण्णा माझ्याकडं राहत नव्हते, हे खरं. पण मी त्या क्षणी हा हिशेब काही केला नाही. मला फक्त फुंकर दिसली. मी शर्टाची कॉलर उलटी लावून टाकली आणि सगळी उसवत बसले.

जेवताना आण्णा बोलायला लागले. बोलायचे धाकटीशीच. त्यांच्या मास्तरांनी कसं कान धरून शिकवलं, एका लग्नाच्या वॉलहँगिंगवर नाव कसं उलटं आलं आणि नवरा मुलगा कसा भांडायला आला, असलं काय काय. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. माझ्या हातच्या. कौतुक कशाचं तर पाटीचं. धाकटी मला म्हणाली, "आक्का, बघितलंस का आण्णा कसे खुलले?" मी म्हणाले, "बघतीया की. आंधळी न्हाय मी." तिनं ताटात मान घातली, आणि मला बरं वाटलं. जळफळाट म्हणतात तो हाच, दुसरं नाव द्यायचं कारण नाही.

चिप बसली, बटण बसलं, डबीच्या तारा बसल्या. गुरुवारी दुपारी दिवे बसवायला घेतले. आण्णा म्हणाले, आता रीतीनं करायचं. त्यांनी वाचायचं, धाकटीनं दिवा भोकात घालायचा, मग पाटी पालथी करून आण्णांनी मागून डाख द्यायचा. खोक्यातल्या कागदावर चित्र होतं. प्रत्येक दिव्याचा लांब पाय डावीकडच्या भोकात, आखूड उजवीकडच्या. दिवा उलटा बसला तर लागत नाही, असंही खाली लिहिलं होतं. धाकटीनं पहिला दिवा चित्राप्रमाणं घातला.

"थांब," आण्णा म्हणाले. "उलटा हाय त्यो."

"कागदात डावीकडंच दाखवलाय, आण्णा."

"चित्र सुलट बाजूचं हाय. आपण काम कुटल्या बाजूनं करतोय? मागनं. मागनं बघितलं की डावं ते उजवं हुतंय. आमी वॉलहँगिंग पालथंच विणायचो. नक्षी खाली तोंड करून निघती. जसं दिसतं तसं वाचलं तर अक्षर उलटं येतंय. त्या लग्नात तेच झालं व्हतं की."

धाकटीनं दिवा पुन्हा बाहेर काढला. तिनं या आठवड्याआधी कधी डाख दिलेला नव्हता, आणि वाचणाऱ्या आण्णांपुढं ती अजून सातच वर्षांची होती. "व्हय की," ती म्हणाली. पुण्यात बारा वर्षं काढून तिच्या तोंडी एवढंच गावाकडचं उरलंय. तिनं दिवा फिरवून घातला.

मी जमिनीवर बसून बटणं लावत होते. बटण सुलट बाजूनंच ठेवायचं असतं, गाठ तेवढी मागं येते. गाठ मागं मारली म्हणून बटणाचं तोंड कुणी फिरवत नाही. दिव्याचंही तेच होतं. दिवा पुढून घातला जात होता, चित्रही पुढचंच होतं, डाख फक्त मागून बसत होता. इथं काहीच उलटं व्हायचं कारण नव्हतं. आण्णांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं जे फिरवायचं नव्हतं ते फिरवलं होतं. मला हे पहिल्या ओळीतला दुसरा दिवा बसताना कळलं. हातातली सुई तशीच राहिली.

तोंड उघडायला काय लागत होतं? "आण्णा, बटणासारखं बघा." तीन शब्द. पण मी ते बोलले नाही. कामात होते, खात्री नव्हती, मध्ये बोलायचं कसं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. त्यातलं काही खरं नाही. मला ते दिवे लागायला नको होते. त्या दोघांनी एकमेकांकडं बघून हसावं, तिनं टाळ्या वाजवाव्यात, आणि आण्णांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवावा, हे मला माझ्या घरात, माझ्या टेबलावर बघायचं नव्हतं. मी खाली मान घालून सोळाच्या सोळा दिवे उलटे बसू दिले. एका शर्टाला सात बटणं. त्या दुपारी माझे अकरा शर्ट झाले.

संध्याकाळी पाचला धाकटीनं सेल घातले. आण्णांनी खिडकीचा पडदा ओढायला लावला, अंधारात चांगलं दिसेल म्हणून. मलाही हाक मारली, "ये गं, बघ." मी पदराला हात पुसत टेबलाशी जाऊन उभी राहिले. आण्णांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सेल काढून फिरवून घातले, तारा हलवून बघितल्या. एकही दिवा लागला नाही.

आण्णांनी पाटी पालथी केली आणि आपले डाख बघायला लागले. एकेक थेंब नखानं चाचपला. मग आपला हात समोर धरला. काम थांबलं की तो थरथरतो, तसा थरथरत होता. "ह्यो हात गेला आता," ते म्हणाले.

"नाही हो आण्णा. किटच खराब असणार. मी दुसरं मागवते," धाकटी म्हणाली. लहान मुलाला बोलतात तशा आवाजात म्हणाली. तो आवाज आण्णांनी ओळखला. ते उठले, खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. जेवायला उठले नाहीत.

मला हवं होतं ते झालं होतं. आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा झालासुद्धा, खोटं कशाला बोलू. भांडी घासताना धाकटीचे डोळे भरलेले दिसले, तेव्हा वाटलं, कळू दे हिलाही, आण्णांचं करणं म्हणजे काय असतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आतल्या खोलीत ऑफिसला बसली. मी मशीनवर होते. आण्णा उठले, खाटेखाली वाकले आणि त्यांची पत्र्याची पेटी ओढून काढली. त्या पेटीत त्यांचे ग्राफचे कागद आहेत. रंग भरलेले मोर, हत्ती, चाफ्याच्या वेली. कारखान्यातून निघताना मालकाला विचारून आणलेले. आईलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. मला ते लहानपणापासून हवे होते, पण मागायची हिंमत कधी झाली नाही. मरताना ते धाकटीला देणार, हे मी गृहीतच धरलं होतं. आण्णांनी सगळा गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"तुझ्या शर्टाच्या फर्म्याला घे. कागद जाड हाय, चांगला टिकंल."

फर्मा म्हणजे कापड बेतायला कापलेला कागदाचा नमुना. कॉलरचा एक, बाहीचा एक. म्हणजे मोराच्या पाठीतून कात्री घालून मी कॉलर कापायची. आयुष्यभर जे हवं होतं ते आण्णा मला देत होते, आणि रद्दी म्हणून देत होते. मी ते मांडीवर घेऊन तशीच बसले. वरचा कागद अर्धाच भरलेला होता, त्यावर पेन्सिलीनं केलेल्या खुणा पुसट झाल्या होत्या.

"फर्म्याला कशाला?" मी म्हणाले.

"आता वाचणार कोण हाय? माझा हात गेला, डोळा गेला. तुझ्या कामाला तरी येऊ दे."

मी गठ्ठा मशीनवर ठेवला आणि टेबलाशी गेले. पुडीत जादा दिवा शिल्लक होता. पाटीच्या डबीतले दोन्ही सेल काढले, चिकटपट्टीनं एकापुढं एक जोडले. दिव्याचे पाय दोन टोकांना टेकवले. लागला नाही. फिरवून टेकवले, आणि लागला. नुसत्या दिव्याला सेल फार वेळ लावून ठेवू नका असं कागदात होतं, म्हणून लगेच काढला. मग आण्णांच्या खाटेशी गेले आणि त्यांच्यासमोर दोन्ही प्रकारे करून दाखवलं.

"तुमचा हात गेला न्हाय, आण्णा. डाख सगळे बरोबर हायत. वाचायला चुकलं. दिवा पुढनं घालायचा व्हता, तुमी पालथा वाचलात."

आण्णा उठून बसले. दिवा हातात घेतला, पाय बघितले, बोटांनी हवेतच पाटी पुढं-मागं फिरवून बघितली. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उतरला. हात गेला असता तर वयावर ढकलता आलं असतं. वाचणं चुकलं, हे ढकलायला जागा नव्हती.

"तुला कवा कळलं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. आत्ता, दिवा लावून बघितल्यावर, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. का कुणास ठाऊक, मी खरं बोलले.

"पहिल्या वळीला. दुसऱ्या दिव्याला."

"आन् सोळा बसू दिलेस?"

"व्हय."

"का?"

"मला कुणी इचारलं न्हाय." आवाज चढला माझा. "बारा वर्षांची असल्यापास्नं ऐकत हाय मी दाराआडनं. ती कुटं चुकायची त्ये मला ठावं असायचं. तुमी एकदा तरी म्हणला का, ये, बस, तू वाच? आजबी टेबल माझं घेतलं आन् मला जमिनीवर बसवलं. मला त्ये दिवे लागायला नको व्हते, आण्णा. तुमचं आन् तिचं हसणं बघवत नव्हतं मला."

एवढं बोलून मी थांबले. आतल्या खोलीत धाकटीची मीटिंग चालू होती, इंग्रजीत कुणाला तरी हसून काही सांगत होती. मला वाटलं, आता आण्णा घर सोडून जातो म्हणणार. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला.

"गन तापत ठेव," ते म्हणाले. "तू वाच."

बसवलेले दिवे काढणं हे बसवण्यापेक्षा अवघड. एका पायाला गन लावायची, थेंब वितळला की दिवा किंचित कलता करायचा, मग दुसऱ्या पायाला लावायची, असं आलटून पालटून. भोक बुजलेलं राहतं, तिथं पुन्हा गन लावून मी माझी शिवायची सुई घालायची. सुईला डाख चिकटत नाही, भोक मोकळं होतं. ही युक्ती माझी. आण्णा म्हणाले, "लई ब्येस." मी काही ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढच्या भोकाकडं वळले. एका दिव्याचा पाय तुटला, त्याच्या जागी जादाचा घेतला. दुपारपर्यंत आठ निघाले आणि आम्ही ते सुलटे बसवायला घेतले.

धाकटी बाहेर आली आणि आम्हा दोघांना टेबलाशी बघून थबकली. आण्णांनी तिला सांगितलं, वाचायला चुकलं होतं, आक्कानं धरलं. कधी धरलं ते त्यांनी सांगितलं नाही. धाकटी खुर्ची ओढत म्हणाली, "मी घालू का दिवे?"

"तू तुझं हापिस बघ," आण्णा म्हणाले. "आक्का वाचतीया."

ती हसली. पण तो चेहरा मी ओळखते. दारात उभं राहिल्यावर आपला चेहरा कसा होतो, ते मला आरशाशिवाय ठाऊक आहे. मी सरकून तिला जागा करून द्यायला हवी होती. टेबल मोठं आहे, सहा शर्ट एका वेळी बेतता येतात त्यावर. मी सरकले नाही. "लांब पाय डावीकडं," मी वाचलं, आणि आण्णांनी पाटी पुढं धरली.

शनिवारी संध्याकाळी सोळावा दिवा बसला. धाकटी रविवारच्या गाडीनं जाणार होती, स्वयंपाकघरात बरोबर न्यायची चटणी मिक्सरमधून काढत होती. आण्णांनी सेल घातले. पडदा ओढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बटण दाबलं.

दिवे लागले. वरच्या ओळीत डावीकडून दुसरा आणि तिसरा. त्याखाली पहिला आणि चौथा. तिसऱ्या ओळीत एकटा दुसरा. शेवटच्या ओळीत तिसरा आणि चौथा. सात. क्षणभर थांबून ते बदलले. कुठं विझला, कुठं नवा लागला, जणू कुणी आत बसून घे-सोड म्हणत होतं. आण्णांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"तिला बोलीव," ते म्हणाले. "तिनं आनलंय."

मी हाक मारली. हळू मारली. मिक्सर चालू असताना या घरात कशाची हाक आत पोचते आणि कशाची नाही, हे मला चांगलं माहीत आहे. आण्णांचं लक्ष पाटीवर होतं. दिवे कमी होत गेले. शेवटी दोन उरले, मग तेही विझले. पाटी काळी झाली. मिक्सर थांबला, तेव्हा मी पुन्हा हाक मारली, या खेपेला नेहमीच्या आवाजात.

ती हात न धुताच धावत आली. "लागलं?"

आण्णांनी बटण दाबलं. दुसरेच दिवे लागले, वेगळी नक्षी. तिनं टाळ्या वाजवल्या, चटणीच्या हातानं माझ्या गळ्यात पडली, माझ्या खांद्यावर तिखट लागलं. मग म्हणाली, "पहिली कशी होती पण? पहिली परत येत नाही ना. कुठले लागले होते?"

आण्णा म्हणाले, "आक्काला इचार. वाचणारी ती हाय. सांग गं, कुटले कुटले व्हते?"

सातही दिवे माझ्या डोळ्यांपुढं होते. कोणती ओळ, कितवा, सगळं पाठ.

"ध्यानात न्हाय ऱ्हायलं," मी म्हणाले.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा बटण दाबलं.